तपासणारीची तपासणी

असोदा, रविवार

चि. सौ. तानूला कमलअक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत, तुझ्या वनाभाऊंचा खोकला उतरला का, आणि धुळ्यात ऊन कसं आहे ते सवडीने कळव. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी. फोनच करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघींचं गुपित आधी गल्लीला कळतं आणि मग तुला. म्हणून हे पत्र. (मी चौथीपर्यंतच शिकलेली, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे.)

आधी आनंदाची गोष्ट सांगते. आपल्या दिपमालाने, म्हणजे माझ्या नातीने, मला सगळ्या बायांसमोर खोटं पाडलं. असं रीतसर, कागदावर लिहून पाडलं की मला वाटलं उठून तिची दृष्टच काढावी.

तुला ठाऊकच आहे, आमच्या ओसरीवर अकरा बाया उडदाचे पापड लाटतात आणि जळगावचे प्रेमराज शेठ ते घेतात. मीही लाटते, पण पापड वाळले की तपासायची मीच. अठरा वर्षं झाली. पापड उचलायचा, उन्हाकडे धरायचा, दोन बोटांत चिमटायचा, की पास-नापास. नापास झालेला जिचा तिने घरी न्यायचा. (मंदाबाईच्या घरी इतके गेले की तिची पोरं भाजीऐवजी पापडच खातात म्हणतात. मंदा म्हणजे ती अमळनेरकडची, काळीसावळी, गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला तुझ्याबरोबर झोका खेळली होती आणि दोर तुटला होता. दोर जुना होता, तिचा काही दोष नाही. तू मात्र अजून तिचंच नाव घेतेस.)

तर महिन्यापूर्वी शेठनी एक गोणी परत पाठवली. काही पापड भाजताना करपतात, काही मधे कच्चे राहतात, जाडी सारखी नाही, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या गावाला देईन, असा निरोप. बायांचे चेहरे उतरले. मी म्हटलं, घाबरू नका, सगळ्यात जास्त नापास कुणाचे होतात ते बघू आणि तिला सोमवारपासून येऊ नको म्हणू. बघायचं काय होतं! मंदाचेच. तिने बिचारीने लाटणं पुसून पिशवीत ठेवलं.

दिपमाला तेव्हाच कामावरून आली. ती जळगावला पाइपाच्या कारखान्यात आहे. पाइप बनवत नाही, बनलेला पाइप बरोबर आहे का ते बघते. (बघायला येणारे मुलाकडचे विचारतात तेव्हा मी साहेबीण आहे एवढंच सांगते.) ती पायातली चप्पल न काढताच म्हणाली, आजी, पापड चुकले की तपासणं चुकलं, हे कुणी बघितलं का? मी म्हटलं, तपासणं कसं चुकेल, तपासते तर मी! तर हसली. म्हणे आमच्या कारखान्यात आधी तपासणाऱ्याला तपासतात. एकच पाइपाचा तुकडा तीन माणसांना दोन-दोनदा मोजायला देतात. तोच माणूस तोच तुकडा दोनदा वेगळा सांगत असेल तर पाइपाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

मग तिने दहा पापड घेतले, खाली पेन्सिलीने आकडे घातले, आणि मला, मंदाला आणि शेजारच्या, आमच्यातच लाटणाऱ्या मदिनाभाभीला एका ओळीत बसवलं. पहिला पापड मी चिमटला, म्हटलं जाड. मंदा म्हणाली, "अक्का, तुम्ही म्हन्तस ते बठ्ठं खरं शे, जाड." मी म्हणेन ते सगळंच खरं, असं तिचं. मदिनाभाभी म्हणाली, "अक्काने बोल दिया तो जाडाच." असे दहाच्या दहा. तिघींचं एकमत. मी दिपमालाकडे असं बघितलं जसं काय जिल्ह्यात पहिली आले. पण ती पोरगी खूश होईना. म्हणते, हे एकमत नाही, हा मान आहे. कारखान्यातही हेच होतं म्हणे, थोरल्या भाऊंनी आकडा लिहिला की धाकटा तोच लिहितो, खोडणार कसा? आणि त्यापायी चांगला माल भंगारात आणि वाईट ट्रकात.

दुसऱ्या दिवशी तिने तिघींना वेगवेगळं बसवलं. मंदा ओसरीवर, मदिनाभाभी तिच्या शिलाईच्या खोलीत, आणि मी कुठे म्हणशील तर गोठ्यात, म्हशीसमोर. (म्हैस तरी काही बोलत नाही, असं दिपमाला म्हणाली. बोलत नाही पण बघते फार.) सकाळी दहा पापड आणून म्हणाली, आजी, हे मंदामावशीचे. मी एकेक चिमटला. सात नापास. दुपारी दहा आणले, म्हणाली, हे तुझे. मी चिमटले. दहाच्या दहा पास, आणि वर सांगितलं की असे पापड आता कुणाला जमत नाहीत.

तानू, ते तेच दहा होते. सकाळचेच. आणि लाटलेले होते मदिनाभाभीने!

संध्याकाळी तिने बाजारातून आणलेल्या जाडी मोजायच्या यंत्रात सगळ्यांसमोर एकेक पापड धरला. मंदाने दोन्ही वेळा दहापैकी नऊ बरोबर सांगितले होते. मदिनाभाभीने आठ. माझा आकडा मी लिहीत नाही, पत्र वनाभाऊही वाचतात. बाया खाली बघून हसत होत्या. मग कोकिळा (पाटलांची सून, जिच्या जिभेला हाड नाही ती) म्हणाली, अक्का, अठरा वर्षं पापड नाही, तोंडं तपासली तुम्ही! सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे बघितलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मलाच खदखदून हसू फुटलं. खरंच होतं. मंदाचा पापड हातात आला की माझी बोटं आधीच रुसून बसायची. दिपमालाने गोणीतल्या चळतींवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बघितल्या; कच्चे राहणारे पापड कुणाचे निघाले, तेही सांगून टाकते. माझे. स्वतःचे मी कधी चिमटलेच नव्हते.

मी मंदाला म्हटलं, लाटणं काढ पिशवीतून. ती सोमवारी आली. तपासायच्या जागेवर सध्या तीच बसते. मी सगळं आपल्या हाताने दिलं, मनात काही ठेवलं नाही, उलट हलकं वाटतं. नातीने आजीला पकडावं आणि आजीने पकडून घ्यावं, याहून मोठं सुख म्हातारपणी कोणतं?

सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझी,
कमलअक्का

ता. क. : आखाजीला माहेरी यायचंच. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दिपमाला पुन्हा परीक्षा घेणार आहे, कायमचं कोण तपासणार ते ठरवायला. मदिनाभाभी लेकीच्या बाळंतपणाला रावेरला जाणार, म्हणून परक्या गावची एक बाई हवी. मी तुझं नाव सांगितलं.

ता. क. दुसरा : तू सगळ्यात शेवटी बसशील. तीन आणि आठ नंबरचे पापड माझे असतील, त्यांना मी बारीक नखाची खूण करीन. ते चांगले म्हण. मंदाबद्दल तुझं मत आहेच, ते बदलायची घाई करू नको.

ता. क. तिसरा : पत्ता लिहायला पत्र दिपमालाकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं. रागावली नाही. म्हणाली, आजी, तानूआजीला झोका खेळायला बोलाव, तपासायला नको. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, तुझी बोटं वाईट नाहीत, फक्त त्यांना नावं कळू देऊ नको. दोन दिवस मी डोळ्याला पदर बांधून चिमटते आहे. काल सहा आले. म्हणून खरं काम हे की, तुझ्याकडचे दहा पापड पाठव, जाड-पातळ सरमिसळ करून, खाली आकडे घालून. कोणता कसा ते वेगळ्या चिठ्ठीवर लिही आणि ती चिठ्ठी पाकिटात घाल. पाकिटाला डिंक चांगला लाव, तानू. माझा मला अजून भरवसा नाही.