डोक्याचं औषध

अधारताल, जबलपूर
१२ जुलै २०२२

चि. सौ. इंदूस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा टपालखातं आपल्या दोघांवरच चाललंय असं तुझी वहिनी म्हणते.

बातमी अशी, की तिनंच मला ओढून सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बराच वाढलेला निघाला, शिवाय नाडी मध्येच अडखळते म्हणे. दोन्हीच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पंधरा दिवस घेतल्या, मशीनवर आकडा नीट आला, तशा बंद केल्या. पोट भरल्यावर कोणी जेवत बसतं का? छातीत दुखत नाही, भाजीची पिशवी मीच उचलून आणतो. तुझी वहिनी मात्र दिवसभर ‘काहून नाही घेत, काहून नाही घेत’ असा जप करते.

मला काळजी आहे ती डोक्याची. परवा चष्मा दुरुस्त करायला ओमतीला गेलो आणि नेहमीचं दुकान कोणतं तेच सुचेना. तसाच परत आलो. तू ब्राह्मीचं तूप करतेस ना, ते पाठव.

आईबद्दल तू पुन्हा विचारलंस. ती गेली तेव्हा तू जेमतेम चार वर्षांची, तुला काही आठवणार नाही हे मला कळतं. पण आई काही पत्रात मावायची नाही. दिवाळीत वर्ध्याला येतो, मग निवांत सांगेन. घाई कसली?

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझा दादा, श्रीकांत

वर्धा
२५ जुलै २०२२

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दोन बरण्या तूप पाठवलंय, सोबत कैरीचं लोणचंही. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी तर सत्तरी उलटली, म्हणजे देवानं बरीच सवलत दिली. रोज सकाळी दोन चमचे घे. छातीचं तुझे डॉक्टर बघतील, डोक्याचं माझ्याकडे लागलं.

दादा, दिवाळीला नक्की ये. बाबांनी आईचा विषय घरात कधी काढू दिला नाही आणि आता तिला पाहिलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. माझ्याकडे तिचा एकच फोटो, डोक्यावर पदर आणि नजर खाली. ती हसायची कशी, एवढंही मला ठाऊक नाही. एवढ्या वयात आईसाठी रडते म्हणून तुझे मेहुणे चिडवतात, चिडवू देत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी इंदू

अधारताल, जबलपूर
९ नोव्हेंबर २०२४

सौ. इंदूताईंस स. न. वि. वि.

हे पत्र मी लिहून राहिले, कारण तुमचे दादा लिहायला बसले की तुमच्या नावापुढे पेन थांबतं. येतो येतो म्हणत यांच्या तीन दिवाळ्या गेल्या. गेल्या महिन्यात तर घरासमोर उभे राहून घर विचारत होते.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं मेंदूतल्या बारीक नसा खराब झाल्यात, आणि अडखळत्या नाडीमुळे लहान गुठळ्या वर जाऊन ठिकठिकाणी डाग पडलेत. दर वेळी थोडं थोडं गेलं, आपल्याला कळलं नाही. हृदय वेळेवर सांभाळलं असतं तर डोकं कदाचित इतक्या लवकर थकलं नसतं, असं ते म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं तर त्याच गोळ्या.

तुमचं तूप मात्र यांनी एक दिवस चुकवलं नाही. मलाही वाटायचं, काही तर घेतात.

आता गोळी दिली की मुकाट्यानं तोंड उघडतात. मला त्याचंच रडू येतं. भांडायला माणूसच राहिला नाही.

कधी ओळखतात, कधी नाही. तुम्ही लवकर या.

आपली ममता असू द्या.
सुहासिनी

वर्धा
६ जानेवारी २०२५

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तुम्ही चहा टाकायला आत गेलात तेव्हा काय झालं, ते तिथे माझ्यानं सांगवलं नाही.

दादानं मला विचारलं, आपण कुठल्या. वर्ध्याची म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. आपली धाकटी बहीण तिथेच असते म्हणाला आणि आपण होऊन आईचं सांगू लागला. आई हसायची तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मी झाले तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटायला लावली. मुलीची कसली साखर म्हणून बाबा कुरकुरले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटली. मला झोपवताना ती म्हणायची त्या गाण्याच्या दोन ओळी त्यानं म्हटल्या. तिसरी येईना. मग तो ओशाळला.

वहिनी, मी तूप पाठवत राहिले, पण गोळ्या घेतोस का म्हणून एकदाही विचारलं नाही. दिवाळीची वाट बघण्यापेक्षा मीच गाडीत बसले असते, तर तिसरी ओळही मिळाली असती. हे आता जन्मभर सलणार.

तुमची पावलं वाजली तसा त्यानं माझा हात धरला. बहिणीला आईचं सांगायचं राहून गेलंय म्हणाला, ती वाट बघत असेल, तिकडे भेटली तर एवढं सांगाल का. मी हो म्हटलं.

त्याला पुन्हा आठवण झाली, तर सांगा, इंदूला निरोप पोचला.

दोघांची माया माझ्यावर अशीच राहो.
तुमची इंदू