तलावाचं पान उघडत नाही

१० सप्टेंबर, सकाळी ९
आजपासून रोज नोंद ठेवणार. विकिपीडियासारखा, गावाची सगळी माहिती असलेला विकी अख्ख्या आष्टी तालुक्यात फक्त आमचाच, आणि त्याचा प्रमुख मी. नियमही माझाच: तोंडी तक्रार चालणार नाही, विकीवर चढली तरच खरी. मेंढरंवाली सारजाबाई आली. म्हणाली, आबा, तलावाच्या भिंतीच्या बुडातून पाणी झिरपायलंय. आत्ता चढवतो म्हटलं. तलावाच्या पानावर मजकूर भरायचा व्हिज्युअल एडिटर दाबला. निळी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. पाऊस चालूच.

११ सप्टेंबर
दोष ब्राउझरचा. कॅशे साफ केली, दुसरा ब्राउझर टाकला. संध्याकाळपर्यंत शंभर टक्के सुटतं.
सारजाबाई पुन्हा. पाणी आता गढूळ यायलंय म्हणे, म्हणजे आतली माती चाललीय. मला शिकवते! सिस्टीमला घाई चालत नाही, एवढंच सांगितलं.

१२ सप्टेंबर, दुपारी
सुटलं नाही. कड्याच्या बाजारातून नवा राऊटर आणला. पट्टी अर्ध्यावरच.
पुण्याहून पुतणी स्वप्नाचा फोन. म्हणाली, काका, साध्या एडिटरमध्ये दोन ओळी टाका, नाहीतर सरळ तहसीलला कळवा. साधा एडिटर कारकुनांसाठी असतो. आणि फोनवरच कामं व्हायला लागली तर विकीला कोण विचारणार? पानावर फोटो किती, असंही विचारत होती. मोजकेच, म्हटलं. विकीच्या उद्घाटनाला माझा सत्कार झाला त्याचे दोनशे बारा. ते प्रत्येक पानावर हवेतच.

१३ सप्टेंबर, सकाळी
पाऊस थांबला, पण ओढ्याचा आवाज वाढलाय. आमच्या खालच्या आळीतल्या विहिरी काठोकाठ. मेंढरं तलावाच्या अंगाला जाईनात म्हणे.
सारजाबाईने परवानगी न घेता देवळातल्या भोंग्यावरून खालची आळी रिकामी करायला सांगितलं. तिच्याविरुद्ध तक्रार चढवायला बसलो. पान उघडेना.

१३ सप्टेंबर, दुपारी ३
आळीत चिटपाखरू नाही. बायको, वनमाला, पेटी उचलून माळावर गेली, तुम्ही येताय का म्हणून तीनदा विचारलं. पट्टी पाऊण झालीय. अशा वेळी उठायचं कसं? थोडी भीती वाटते, पण ती नेटवर्कची.

१६ सप्टेंबर, माळावरची शाळा
तलाव फुटला. माणूस एकही गेलं नाही. मला सारजाबाईच्या पोराने, लखनने, दोर टाकून खिडकीतून ओढून काढलं. वही खिशात होती. कॉम्प्युटर, राऊटर, सत्काराच्या शाली, सगळं गेलं.
विकीचा सर्व्हर पुण्यात, म्हणून तो शाबूत. स्वप्नाने तलावाच्या पानावरचे माझे फोटो काढून टाकले आणि लिंक वनमालाच्या मोबाईलवर पाठवली. एडिटर तीन सेकंदांत उघडला. म्हणजे सिस्टीम चांगलीच होती, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.
‘सद्यस्थिती’खाली कर्सर लुकलुकत होता. काय लिहावं सुचेना. सारजाबाई चहा घेऊन शेजारी उभी. म्हणाली, आबा, काहून थांबलात? लिव्हा की, तलाव न्हाई.
लाज वाटली. लिहिलं. लगेच सेव्ह झालं.