ओलीचा रेफरन्स

४ फेब्रुवारी
यंदा एक तरी इमारत मनासारखी करायचीच. कुठल्याही परिस्थितीत. दर रविवारी आमच्यातल्या डेंटिस्टच्या गॅरेजमध्ये आम्ही चौघं मित्र टेबलावर युद्ध खेळतो. अंगठ्याएवढे सैनिक, फासे टाकून मारामारी. मधली पडकी घरं बनवणं माझ्याकडे. गेल्या वेळचं घर बघून डेंटिस्ट म्हणाला, हे बॉम्ब पडलेलं वाटत नाही, कालच किल्ली मिळाल्यासारखं वाटतं. झोंबलं. आता बघाच म्हणावं.

६ फेब्रुवारी
पुठ्ठा कापला, खिडक्या पाडल्या, करडा रंग मारला. घर बांधणं सोपं, म्हातारं करणं अवघड. वेदरिंग म्हणतात त्याला. पातळ तपकिरी रंग फासून फडक्याने टिपायचा. टिपला. घराला कावीळ झाली. ऑफिसातून आल्यावर अंगात जीवच राहत नाही, त्याला मी काय करणार.

७ फेब्रुवारी
सापडलं! बेडरूमच्या भिंतीवर, बायको झोपते त्या बाजूला, वरच्यांच्या बाथरूममधून ओल उतरलीये. मधे हिरवट काळी, कडेला पिवळी. काय शेड आहे! आता हाच रेफरन्स, ही समोर ठेवूनच घर रंगवायचं. बायको म्हणाली, महिनाभर हेच सांगतेय. पण ती वेगळ्या अर्थाने सांगत होती.

१० फेब्रुवारी
बायकोने परस्पर प्लंबर बोलावला. पुढच्या आठवड्यात या म्हणून दारातूनच कटवला. रेफरन्सच गेला तर मी रंगवू काय, कपाळ? बायको म्हणते, ओलीमुळे तिचा खोकला जात नाही. खोकला धुळीने होतो, मी कधीचं सांगतोय. या घरात माझं ऐकतो कोण.

१३ फेब्रुवारी
ओल वाढतेय. काल उतरवलेला आकार आज चुकीचा. काही शिस्त म्हणून नाही. शेडही जमेना. शाई झाली, कॉफी झाली, बुटाचं पॉलिश झालं. बायको शेजारी पडून खोकत होती, त्यामुळे ब्रश हलत होता.

१६ फेब्रुवारी
प्लंबर पुन्हा हजर. पुन्हा पुढचा आठवडा. म्हणाला, साहेब, मी थांबेन, भिंत थांबणार नाही. आगाऊ. संध्याकाळी बायको बॅग भरून बहिणीकडे गेली. चार दिवस, म्हणाली. मेहुणीकडे हवा कोरडी आहे म्हणे. मला निवांत काम करता यावं हाही विचार असणार. बोलून दाखवत नाही ती.

१७ फेब्रुवारी
बेड रिकामाच आहे, म्हणून इमारत तिच्या उशाशी भिंतीला टेकवून ठेवली. शेड ताडून बघायला सोपं.

२० फेब्रुवारी
दोन दिवस ब्रशला हात लावला नाही, इतका दमलोय. तरी आज बघतो तर छपराखाली रंग काय सुरेख खुललाय! हात बसला एकदाचा.

२१ फेब्रुवारी
बायकोचा फोन. प्लंबर आला का? मी विषय बदलला. खोकला थांबलाय, झोप लागते म्हणाली. चार दिवस झाले की, म्हटलं, तर फोन ठेवला. घर खायला उठतं. करमत नाही तिच्याशिवाय, लिहून टाकतो. उद्या गेम झाला की इमारत घेऊन थेट मेहुणीकडे. बघितल्यावर कसला राग नि कसलं काय.

२२ फेब्रुवारी, रविवार
इमारत टेबलावर ठेवली. सगळे वाकून बघायला लागले. डेंटिस्ट म्हणाला, मानलं बुवा, वाससुद्धा खरा आणलास. छाती फुगली. मग त्याने छपरावर तोफ चढवली आणि अख्खी इमारत खाली बसली. पुठ्ठ्याचा लगदा. आतून काळी केसाळ बुरशी. ती मी रंगवली नव्हती. डेंटिस्टने मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून उचलली नि बाहेर नेली. तिच्या जागी बिस्किटांचा डबा ठेवला. मी निघून आल्यावर खेळ छान रंगला म्हणे. मेहुणीकडे गेलो नाही. न्यायला काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. प्लंबरला मीच फोन केला. साहेब, पुढच्या आठवड्यात येऊ का, म्हणाला. हात जोडले तेव्हा आला. बेड सरकवायला बायकोची उशी उचलली. पालथ्या बाजूला डाग. मधे हिरवट काळे, कडेला पिवळे. अगदी तीच शेड, मला शेवटपर्यंत न जमलेली. यावर डोकं ठेवून झोपत होती ती.

तिला फोन करून सांगितलं. म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर ती उशी आणली नाही.