पावलामागची व्हॅन

परळ, ८ जून

प्रिय हितेंद्र,

स. न. वि. वि. तू गावी पोचल्याचा फोन अर्धाच ऐकू आला, पुढे नुसतं वारं वाजत राहिलं. तुमच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही आणि इथे तुझ्या वडिलांना, तात्यांना, फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून त्यांच्याच हुकमाने हे पत्र लिहितो आहे. ते म्हणाले की कागद पुन्हा वाचता येतो, फोनवरच्या माणसाला पुन्हा बोल म्हटलं की तो चिडतो. तूही पत्रच लिही. मी त्यांना वाचून दाखवीन. त्यांच्यासाठी नसेल तो मजकूर शेवटी रेघ मारून रेघेखाली लिहीत जा. माझं पत्रही त्यांना वाचून दाखवूनच टाकीन, म्हणून मीही तसंच करीन.

तात्या बरे आहेत. जेवण आई दोन्ही वेळा नेऊन देते. खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी सोडू नका असं डॉक्टरने बजावलं, तर हे काठी हातात घेतात पण टेकवत नाहीत. गणपतीला आपल्या गाडीतून आपल्या दारात उतरायचं, हे रोज सकाळी एकदा बोलून घेतात. एस्टीत त्यांना बसवत नाही आणि भाड्याची गाडी नको, हेही त्याच दमात.

आपल्या जुन्या व्हॅनचं म्हणशील तर क्लचप्लेट बदलली, ब्रेक नीट केले. खालचा पत्रा सडला होता तिथे नवा लावून वेल्डिंग केलं आणि गॅरेजमधल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं. मागची सीट काढून गादी घातली आहे, म्हणजे तात्यांना आडवं होता येईल. हिंदमाताला पाणी भरलं की आपल्या गल्लीतही शिरतं, म्हणून मी गाडी चाळीमागच्या मोकळ्या जागेत, अगदी आत, भिंतीलगतच्या उंच ओट्यावर चढवली आणि चारी चाकांना दगड लावले. आता काळजी नाही.

सोमवारपासून चाळीमागच्या हरेश्वरशेठच्या गणपती कारखान्यात मूर्ती घासायच्या पॉलिशकामाला लागतो, दर वर्षीप्रमाणे चतुर्थीपर्यंत. तू चिखलात जपून चाल. लोभ आहेच, तो पावसात भिजू देऊ नकोस.

तुझा,
गौतम

•

वरची वाडी, ता. खेड, १९ जून

गौत्या शहाण्या,

अ. उ. आ. पत्र पोचलं. अक्षर इतकं सुंदर की पोस्टमनने सरकारी समजून सही मागितली. चार चाकांना दगड लावलेस, स्टेपनीलाही लावला असशीलच.

तात्यांना सांग, भाताचा तरवा वीतभर वर आला आहे. काका गेल्यापासून शेताचे दोन्ही कुणगे पडीक होते, या वर्षी लावतोय. टिलर भाड्याने आणला, पण कोपऱ्यात तो वळत नाही, तिथे कुदळ. कंबर माझी राहिली नाही, कोणीतरी उसनी दिल्यासारखी वाटते.

आता खरी बातमी. खालच्या तिठ्यापासून आपल्या दारापर्यंत पायी चढायची पाखाडी होती ना, ती आम्ही रुंद करतोय. वाडीतल्या लोकांनी बांध थोडे आत घ्यायला होकार दिला. चिरे अंथरून चतुर्थीच्या आत रस्ता होईल आणि व्हॅन तुळशीसमोर उभी राहील. तात्यांनी एवढी वर्षं परळ-खेड रस्त्यावर दुसऱ्याचा टेम्पो चालवला आणि दर गणपतीला तिठ्यावर उतरून डोक्यावर ट्रंक घेऊन चढले. या वेळी चढायचं नाही.

मी बावीस ऑगस्टला येतो आणि त्यांना घेऊन निघतो. तू फक्त गाडी पूस. काकूंना नमस्कार, तात्यांच्या पाया पडतो. लोभ तुझ्यासारखाच असो, चाकांना दगड लावलेला.

हितेंद्र

•

परळ, ५ जुलै

प्रिय हितेंद्र,

स. न. वि. वि. रस्त्याचा मजकूर तात्यांनी तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं की उजवीकडचं फणसाचं झाड ठेवलंय ना. ते कळव.

कारखान्याची शेड आता आपल्या गाडीवरून पुढे आली आहे. हल्ली संध्याकाळी ते काठी घेऊन तिथे येतात. मी व्हॅनचं सरकतं दार उघडून देतो, ते गादीवर आडवे होतात आणि विचारतात की निघालो का. मी पुढे बसतो आणि हो म्हणतो. ताडपत्री निळी आहे, त्यामुळे आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. रंग न लावलेल्या मूर्ती ओळीने उभ्या असतात, पांढऱ्या, डोळे अजून यायचे आहेत. पॉलिशची पूड काचेवर बसते ती थेट धुक्यासारखी. वर ताडपत्रीवर पाऊस चालू असतो. थोड्या वेळाने मागून आवाज येतो की वडखळ आलं, चहाला थांब. मग मी आईने दिलेला थर्मास उघडतो. चहा झाला की परत घरी.

लोभ आहे तिथेच असू दे, मी मध्येमध्ये येऊन बघून जाईन.

गौतम

———

रागावू नकोस. गाडी अडकली आहे. एका मंडळाची मोठी मूर्ती यंदा हरेश्वरशेठकडे आली, म्हणून शेड मागे वाढवली. ताडपत्री बांधताना शिडी मीच धरली होती, कारण गाडी कोरडी राहील या आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर मूर्तीची लोखंडी ट्रॉली बरोबर व्हॅनच्या तोंडासमोर, दोन्ही बाजूंना भिंत. आता मूर्ती घडते आहे. डावं पाऊल खाली सोडलेलं आहे, त्याचा अंगठा माझ्या काचेसमोर येतो आणि तो माझ्या डोक्यापेक्षा मोठा आहे. दार सरकतं आहे म्हणून आत जाता तरी येतं. शेठना विचारलं तर म्हणाले, देव उठल्याशिवाय तुझी गाडी उठत नाही. आगमन चोवीस ऑगस्टला आहे. एवढी खबरदारी घेऊन मीच हे करून बसलो.

•

वरची वाडी, २६ जुलै

प्रिय गौतम यास,

अ. उ. आ. हे अक्षर माझं नाही हे तुला पाकिटावरच कळलं असेल. शेजारची आकांक्षा लिहून घेते आहे. अकरावीला आहे आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर हसते आहे. (हसत नाही. आकांक्षा.)

फणस जागेवर आहे, तात्यांना सांग. रस्ता त्याला वळसा घालून नेला. लावणी उरकली. सकाळी बांधावर उभं राहिलं की शेत आहे की तळं ते कळत नाही, ढग खालीच पडलेले असतात.

कळावे, लोभ दोन्ही हातांनी सांभाळ, माझा सध्या एकच चालतो.

हितेंद्र

———

चिरा उचलताना घसरलो, उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर सप्टेंबरपर्यंत. तात्यांना सांगू नको असं म्हणणार होतो, पण अक्षर बघून ते विचारतीलच, तेव्हा सांग. देवाला पुढे उभं करून गाडी ठेवलीस याबद्दल मी तीन दिवस हसलो, अजून हसलो असतो. पण आता ऐक. मी येऊ शकत नाही. चोवीसला देव निघाला की पंचवीसला तू निघ. चतुर्थी सत्तावीसला आहे, वेळ आहे. लायसन्स तुझ्याकडे आहे, ते लॅमिनेट करून देवघरात ठेवलं आहेस हेही मला माहीत आहे. तात्या ब्याऐंशीचे आहेत रे. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांना सांगायला माझी जीभ वळत नाही. (हे सांगताना हितेंद्रदादा हसत नव्हता. आकांक्षा.)

•

परळ, ९ ऑगस्ट

प्रिय हितेंद्र,

स. न. वि. वि. हाताची बातमी तात्यांना सांगितली. म्हणाले की चिरा उचलताना पाठ वाकवायची नसते, हे त्याला लहानपणीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते मागे झोपत नाहीत. पुढे माझ्या शेजारी बसतात. इंजिन बंदच असतं, कारण धुराने पांढरा रंग पिवळा पडतो म्हणून शेठ ओरडतात. पण तात्यांची गाडी चालू असते. पनवेल मागे पडतं, पेण येतं, माणगावला बाजार असतो म्हणून हळू. पोलादपूर सोडलं की कशेडीचा घाट. तिथे ते ताठ बसतात. दुसरा टाक म्हणतात, मी क्लच दाबून दुसरा टाकतो. वळण डोळ्यांसमोर दिसल्यासारखे काठीने पत्र्यावर दोनदा ठोकतात, म्हणजे हॉर्न. मी चुकलो तर तीच वळणं पुन्हा. कारागिरांनी हॅलोजन लावला की उजेड मूर्तीच्या गुडघ्यावरून खाली काचेवर घरंगळतो, आणि खरंच समोरून ट्रक आल्यासारखा मी डावीकडे होतो. शेठ म्हणाले की तुमचं भाडं कुठवर झालं ते सांगा, मलाही खेडला उतरायचं आहे.

तुझ्या हातावर ओझं टाकू नकोस, लोभाचंसुद्धा.

गौतम

———

दोन गोष्टी. तात्यांचं मन भरकटतंय का, याची मला भीती वाटते. गाडी उभी आहे हे त्यांना कळतच नाही. मी हो ला हो करतो ते चूक की बरोबर, सांग. दुसरं म्हणजे मी शीवच्या पुढे कधी गाडी नेलेली नाही. रात्री डोळे मिटले की घाट दिसतो, त्याला कठडा नसतो. गाडीत तात्या आणि आई. मला जमेल असं वाटत नाही.

•

वरची वाडी, १७ ऑगस्ट

गौतम,

अ. उ. आ. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात. शेवटचा चिरा काल बसला. वाडीतली पोरं सायकली घेऊन दारापर्यंत येऊन गेली. आता गाडी हवी. लोभ डावा-उजवा करत नाही.

हितेंद्र

———

तात्या भरकटत असतील तर भरकटू दे, चुकीच्या रस्त्यावर तर जात नाहीत. जमेल की नाही ते मला विचारू नकोस. मी तुळशीपाशी उभा असेन.

•

परळ, १ सप्टेंबर

प्रिय हितेंद्र,

स. न. वि. वि. दीड दिवसाचे गणपती पोचवून मी आणि आई एस्टीने सुखरूप आलो. व्हॅन तुझ्या दारात आहे, तिच्यावर झाडाचा चीक पडतो आहे का ते बघ. तू विचारलंस की एवढा उशीर का झाला. घरात माणसं होती, नीट सांगता आलं नाही.

रविवारी मूर्ती ढोलताशात निघाली आणि शेड रिकामी झाली. ताडपत्री सोडल्यावर काचेसमोर एकदम आकाश आलं. इतके दिवस त्या अंगठ्याची सवय झाली होती की मोकळी जागा बघून मलाच धडकी भरली. सोमवारी उजाडताना निघालो. तात्या मागे गादीवर. वाशीच्या पुलावरच झोपले. आई शेजारी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती, माझ्यावर विश्वास असल्याचं सांगत होती आणि डोळे मात्र उघडत नव्हती. वडखळला तात्यांना उठवलं नाही.

पोलादपूरनंतर फाटा आला. सरळ नवा रस्ता, बोगद्यातून, पंधरा मिनिटांत पलीकडे. बाकीच्या सगळ्या गाड्या तिकडे जात होत्या. मी कडेला थांबलो. बोगदा मला माहीत नव्हता, हितेंद्र. तो तात्यांनी कधी सांगितलाच नव्हता, त्यांच्या वेळी तो नव्हताच. मला फक्त घाट माहीत होता. म्हणून मी जुन्या रस्त्याला वळलो.

वर कोणी नव्हतं. धुकं थेट आपल्या पॉलिशच्या पुडीसारखं. डोंगरातून पाणी रस्त्यावर येत होतं आणि नेचे ओले होऊन खाली झुकले होते. आणि प्रत्येक वळण जिथे यायचं तिथेच आलं. हात आपोआप दुसऱ्यावर जात होता. एका क्षणी वाटलं की धुकं सरलं की समोर मोठा पांढरा अंगठा दिसेल. एका वळणावर मी हॉर्न द्यायला विसरलो, तर मागून पत्र्यावर दोनदा ठकठक झालं. आरशात बघितलं, तात्यांचे डोळे मिटलेलेच होते.

पुढचं तू पाहिलंसच. तुळशीसमोर दार सरकवलं, तात्या उतरले आणि काठी गाडीतच विसरले.

ती काठी कुठे आहे ते कळव. लोभाची आठवण वेगळी करत नाही.

गौतम

•

वरची वाडी, ९ सप्टेंबर

प्रिय गौतम,

अ. उ. आ. काठी गाडीतच आहे. तात्या तिला घरात आणू देत नाहीत, म्हणतात की ती गाडीची आहे. चीक पडत नाही, मी रोज पुसतो, डाव्या हाताने.

तुझं पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. ऐकून खूश झाले आणि म्हणाले की बोगद्यातून आला असता तर मी बोललो नसतो त्याच्याशी. मग मी विचारलंच, की तात्या, परळला गाडी उभी होती हे तुम्हाला कळत नव्हतं का. माझ्याकडे असे बघायला लागले की मनगट माझं नाही, डोकंच आपटलं असावं. म्हणाले, समोर गणपतीचा एवढा मोठा अंगठा होता, तो काय मला दिसत नव्हता? पण तुझा हात मोडला, मग मला आणणार कोण? आणि त्या पोराचा हात नुसत्या उभ्या गाडीतही गिअर चुकत होता. तो चुकायचा थांबेपर्यंत घाट करून घेतला.

आणि रेघेखालचं म्हणशील तर, वाचताना तुझा आवाज जिथे एकदम थांबायचा तिथे रेघ आहे हे त्यांना रेघेच्या पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं म्हणे. म्हणून आता रेघ मारत नाही.

संध्याकाळी भाताला वारा लागतो, सगळा उतार हलतो आणि उभ्या गाडीतून बघितलं तर आपणच चाललो आहोत असं वाटतं. तात्या पुढच्या सीटवर असतात, चहा मी नेऊन देतो. मला चालकाच्या जागेवर बसू देत नाहीत. ती जागा अडवलेली आहे म्हणतात. दिवाळीला तू ये. खेडहून परळला जाताना घाट उलटा लागतो, वळणं डावीची उजवी होतात. तेवढं तुला शिकवायचं राहिलं आहे म्हणतात.

तात्यांचे आशीर्वाद. लोभ दारात उभा आहे.

तुझा,
हितेंद्र