तुटक निळी रेघ

पुणतांबा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वर यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुला बरं ठेव असं चांगदेवाला रोज सांगते. शेजारच्या लंकाबाईचा कानिफनाथ सुट्टी संपवून तुमच्याच कंपनीत परत निघालाय, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देते. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे. मी तीनदा फोन केला, तू कामात असशील. तसंही फोनवर मी गोंधळते, सांगायचं राहूनच जातं.

सध्या मी भूगोल शिकते आहे, हसू नकोस. दिवाळीला ज्योती आली होती. तिची संस्कृती आता आठवीत आहे. तिच्या नकाशाच्या पुस्तकात मी तुझा सौदी अरेबिया काढायला लावला. मॅट्रिकला मला भूगोलात चांगले मार्क होते, पण हा देश काही डोक्यात शिरत नाही. केवढा मोठा, आणि जिकडे तिकडे पिवळाच! पश्चिमेला उंच डोंगर, तिकडे थोडा पाऊस पडतो म्हणे. म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच, घाटाकडच्या अकोल्यात भात आणि पाथर्डीत कुसळं. इथवर समजलं. पण खाली दक्षिणेला वाळूच वाळू, त्या भागाचं नावच म्हणे 'रिकामा भाग'. जिथं कोणी राहत नाही त्याला नाव कुणी ठेवलं असेल? आणि वाळूच्या टेकड्या जागा बदलतात म्हणे. मग तुम्ही क्रेन उभी कशावर करता?

मग मला एक निळी रेघ दिसली. मी बोट ठेवून म्हणाले, "ही बघ नदी! आणि तुझा मामा मला म्हणाला होता, तिथं नदीच नाही."

"आजी, रेघ तुटक आहे ना. तुटक म्हणजे पाऊस पडला तरच पाणी."

"आणि नाही पडला तर?"

"तर उंट जातात तिच्यातून."

मी तिला फिरून फिरून विचारलं. एवढ्या देशात बारा महिने वाहणारी एकसुद्धा नदी नाही. लंकाबाईला सांगितलं तर ती म्हणते, "कायबी सांगती गं तुजी नात! नदीबिगर देस असतोय व्हय?"

तिला काय बोलू? मीही तुला हेच म्हणाले होते. आप्पांच्या दहाव्याला घाटावर तुझ्या जागी तुझा चुलतभाऊ राम पिंड ठेवत होता, आणि मी तुला फोनवर सांगितलं, तू तिथल्या नदीत आंघोळ करून तीळ-पाणी सोड. तू म्हणालास, "आई, इथं नदी नाही." समोर गोदावरी वाहत होती, मला ते खरंच वाटेना. मी भाऊबंदांसमोर ओरडले, "नदी नाही असा कुठं देश असतो का? बापासाठी पाण्यात उतरायची लाज वाटते असं सांग." तू फोन ठेवलास. तेव्हापासून ज्योतीशी बोलतोस, माझ्याशी नाही.

तू खरं बोलला होतास. चूक माझी.

परवा गुरुजींना विचारलं, तुम्ही संकल्पात 'गोदावरीच्या दक्षिण तीरावर' म्हणता, मग जिथं नदीच नाही तिथल्या माणसानं आपण कुठं आहोत ते देवाला सांगायचं कसं? गुरुजी म्हणाले, "वहिनी, तांब्यातल्या पाण्यात गंगेला बोलवायचं. एवढं तेव्हाच त्याला सांगायचं की!" तेव्हा मी विचारलंच नव्हतं.

इथं सही करणार होते. पण पान अर्धं कोरं आहे, आणि खरी गोष्ट लिहायची राहिली आहे.

त्या दिवशी मी नदीवरून भांडले, कारण तू दुसरंच विचारशील याची मला भीती होती. आप्पा गेल्याचं तुला नवव्या दिवशी ज्योतीकडून कळवलं. इतके दिवस का लपवलंस, हे तू विचारायच्या आत मी आवाज चढवला. चौथ्या दिवशी तुझा फोन आला होता, आठवतं? "आप्पांना दे," म्हणालास. मी म्हणाले, "झोपलेत रे, उठवत नाही." घरात वीस माणसं बसली होती. ज्योतीनं तोंडात पदर कोंबला होता. तू म्हणालास, "बरं, झोपू दे त्यांना."

सगळ्यांना मीच गप्प बसवलं होतं. करार पुरा व्हायला चार महिने होते, तू आला असतास तर नोकरी गेली असती, असं मी लोकांना सांगते. तेच खरं का? कधी वाटतं तेच. कधी वाटतं, तू दारात येऊन रडला असतास ते मला सोसलं नसतं. देवापुढे बसून विचारते, तरी माझं मलाच उमगत नाही, मग तुला काय सांगू?

वर्षश्राद्ध मार्गशीर्ष शुद्ध दशमीला आहे, म्हणजे या महिन्याच्या शेवटी. गुरुजी विचारतात, विधीला कोण बसणार? राम तयार आहे. मी अजून कुणाचंच नाव सांगितलेलं नाही. मागच्या वेळी तू यायचं की नाही ते मी ठरवलं. या वेळी तू ठरव. नाही आलास तरी मी एक शब्द बोलणार नाही. पण येतो म्हण की नाही म्हण, ते ज्योतीला नको सांगूस. मला सांग.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी आई