बोगद्यात मी पुढे, सृष्टी मागे

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
सृष्टीला पुण्यात नोकरी लागली. एक तारखेला जाणार. बावीस वर्षं एका घरात राहून बाप काय चीज आहे हे पोरीला कळलेलं नाही. सगळं आईला सांगते, उरलेलं आजोबांना. मला फक्त वाय-फायचा पासवर्ड विचारते. निश्चय: रविवारी तिला घाटातल्या जुन्या रेल्वे बोगद्यात न्यायचं. रूळ काढून तिथे आता पायवाट केली आहे. मी पुढे, ती मागे. जायच्या आधी एकदा तरी तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं पाहिजे.

१९ नोव्हेंबर
चालण्याचा सराव सुरू करणार होतो. अंबडला फर्स्ट शिफ्ट, जमलं नाही. कंपनीत या मशीनवरून त्या मशीनवर चालतोच, ते धरलं तर पुष्कळ होतं. डोक्याला बांधायचा दिवा ऑनलाइन मागवला.

२१ नोव्हेंबर
सासरे गोटीराम देवळ्याहून आले. कांद्याचं रोप टाकून मोकळे झाले म्हणे. सृष्टीने त्यांनाही बोलावून टाकलं, मला न विचारता. ते रेल्वेत गँगमन होते, त्याच बोगद्यात अकरा वर्षं काढली. असेल. मी चार व्हिडिओ पाहिलेत. माहिती मीच देणार.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २, हायवेवरचा ढाबा
किळस. दुसरा शब्द नाही. चार वेळा हात धुतले.

वाटेवर वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पिचकाऱ्या, भिंतीवर कुण्या संघर्षने कुणासाठी तरी काढलेला बदाम. बोगद्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड. सासऱ्यांनी चपला काढून नमस्कार केला, पाठोपाठ सृष्टीनेही. मी बूट काढले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे, शिवाय लेस सुटत नव्हती.

सासरे म्हणाले, जावईबापू, तेवढा दिवा बंद करा, वाघळं उठतीन. इथं घडीभर उभं राहायचं, मंग आपोआप दिसतं. आम्ही असंच जायचो.

मी म्हटलं, टेक्नॉलॉजी पुढे गेली आहे. दिवा फुल केला.

उठली. एक थेट तोंडावर आलं. मी दिव्याचा त्याग केला. भिंतीत कोनाडे आहेत, गाडी आली की गँगमन त्यात अंग चोरून उभे राहत. मी एकात शिरलो, परिस्थितीचा आढावा घ्यायला. टेकलो तो वटवाघळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घाणीला. पाठीवर, मानेवर, कॉलरच्या आत. वास अजून नाकात आहे. मी ओरडलो असं म्हणणं चूक. आवाज दिला.

आजोबांबरोबर पुढे गेलेली सृष्टी परत आली. हसली नाही. हात धरून चालत राहिली. नोंद असावी: बाहेर मीच आणलं, ती फक्त अर्धं पाऊल पुढे होती. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरायचो. बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर
बायकोने, शुभांगीने, शर्ट धुवायला घेतलाच नाही, काडीने उचलून कचऱ्यात टाकला. तिने ट्रिपचं विचारलं तर सासरे म्हणाले, जावईबापूंनी लय माहिती दिली. माणूस समजूतदार आहे. एकूण मोहीम यशस्वी. सृष्टीवर छाप पडली, ती बोलून दाखवेलच.

१ डिसेंबर
सृष्टी गेली. बसपाशी काही बोलली नाही. गर्दी होती.

३ डिसेंबर
पहिला फोन. आईशी वीस मिनिटं. मग मला मागितलं. स्वतःहून. मी घसा साफ केला, टीव्ही बंद केला.

म्हणाली, पप्पा, मी तिथे नाही म्हणून पॅसेजचा लाईट बंद करू नका. आईला सांगून ठेवलंय, ती काही बोलणार नाही.

पॅसेजचा लाईट सृष्टी अंधाराला घाबरते म्हणून रात्रभर चालू असतो, असं मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तिला कधीपासून माहीत होतं, ते विचारलं नाही. बरं म्हटलं आणि फोन शुभांगीला दिला.