दादा, वहिनी पेपरला बसल्यात

प्रिय दादा,

आत्ता मी साताऱ्यात एका कॉलेजच्या आवारात बाकावर बसले आहे. आत वहिनी पेपर देतायत. होय, आपल्या सुरेखावहिनी, तुझी बायको! तीन तास मला इथून हलता येणार नाही आणि मोबाईल बघण्यात मन लागत नाही. म्हणून पिशवीतली वही काढली. तुला सांगायचं फार राहून गेलंय.

विषय तुझाच, विजेची यंत्रं. मोठ्या संस्थेतले प्राध्यापक शिकवतात तो बारा आठवड्यांचा कोर्स, मोबाईलवर फुकट बघता येणारा. पलूसच्या तुझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दुपारचं जेवण झालं की भिंतीला मोबाईल टेकवून तू बघायचास ना, तोच.

घरात एकालाच कॉलेजला पाठवणं जमणार होतं, तेव्हा तू अण्णांना म्हणालास, "तिला धाडा, तिचं डोकं चालतंय." मी इंजिनियर झाले, सांगलीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवायला लागले. तू आयटीआयवर थांबलास आणि जळलेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरत राहिलास. चाळिशी ओलांडल्यावर तुला ह्या कोर्सचा पत्ता कुठून लागला? मी कधी विचारलंच नाही.

तू मात्र मला विचारायचास. एकदा फोन केलास आणि म्हणालास, "शैले, मोटारीतलं गुंडाळं जागच्या जागी असतंय. तार काय हलत न्हाई. आन् सर म्हणत्यात, आत चुंबक फिरतंय. फिरतंय म्हंजे नेमकं काय फिरतंय?"

मी म्हणाले, "दादा, त्याचं गणित आहे. तुला नाही कळायचं."

तू "बरं" म्हणून फोन ठेवलास.

खरं सांगू? गणित मला येत होतं. फिरतं काय, ते मलाही कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते, मुलं उतरवून घेत होती, परीक्षेत तेच लिहून पास होत होती. फिरतं काय, हे विचारणारा तू पहिलाच. म्हणून चिडले मी, दादा. तुझ्यावर नाही, आणि तरी बोलले तुलाच.

तू थांबला नाहीस. एका द्राक्षबागेतली मोटार एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळून आली, तेव्हा तू ती उघडून नुसता बघत बसला होतास, असं वहिनी सांगतात. गुंडाळ्याचे दोन भाग काळे ठिक्कर, तिसरा कोरा. बागवाल्याला तू सांगितलंस की मोटारीत दोष नाही, तुमच्या तीन तारांतल्या एकीतनं वीजच येत नाही, आधी स्टार्टर बघा. बघितला, तर आतला एक जोड जळालेला. ती मोटार परत दुकानात आली नाही. हे सांगायला तू फोन केलास तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "हो का, छान," म्हणाले. एवढंच!

पण एका गोष्टीबद्दल मीच तुझ्यावर रुसले आहे. एका रविवारी तू सांगलीला आलास, माझ्याकडे जेवलास. मी विचारलं, काय काम काढलंस? तर म्हणालास, तांब्याची तार घ्यायला आलो होतो. तू सकाळी ह्याच कोर्सची परीक्षा देऊन आला होतास, हे मला तू गेल्यावर वहिनींकडून कळलं. इंग्रजी प्रश्न वाचता वाचताच वेळ संपला, थोडक्यात राहिलास. माझ्यासमोर बसून आमटीभात खाल्लास आणि एक शब्द बोलला नाहीस? मी हसेन असं वाटलं का रे तुला? वाटलं असेल. वाटायला मीच लावलं होतं.

पुढच्या खेपेला तू पुन्हा नाव घातलं होतंस. ती परीक्षा यायच्या आत छातीत कळ आली. मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवस, आणि संपलंच.

महिन्याभरानं मी पलूसला गेले, तर दुकान उघडं. वहिनी मोटार पुढ्यात घेऊन तार भरत होत्या. तू असतानाही निम्मी तार त्याच भरायच्या म्हणा. मी दुकान विकायचा विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "वन्सं, मला ह्यांचा त्यो अभ्यास करायचाय. ह्ये बघायचे तवा मी शेजारीच बसलेली असायची. निम्मं कानावरनं गेलंय. आता कळवून घ्यायचंय."

तेव्हापासून दर रविवारी मी पलूसला जाते. मोबाईलवर सर बोलतात, मी थांबवून मराठीत सांगते, वहिनी लिहून घेतात, आणि शेवटी घड्याळ लावून इंग्रजी प्रश्न वाचायचा सराव करतात. पहिल्याच महिन्यात तुझा तो धडा आला. मी गणित मांडायला लागले. वहिनींनी बराच वेळ ऐकलं, मग शांतपणे विचारलं, "तुमाला तरी कळलंय का, वन्सं?"

मी म्हणाले, "नाही."

दादा, इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला, आणि काही बिघडलं नाही. आम्ही तो धडा तीनदा बघितला. तिसऱ्यांदा वहिनी एकदम म्हणाल्या, "पंचमीच्या फेरात बाया गोल हुब्या ऱ्हायल्या, आन् एकीमागनं एकीनं टाळी वाजवली, तर बाया जाग्यावरच ऱ्हात्यात. टाळी गोल फिरती. तसंच हाय का ह्ये?"

तसंच आहे, दादा! वीज तिन्ही गुंडाळ्यांत पाळीपाळीनं भरते. गुंडाळी जागच्या जागी असतात, जोर तेवढा गोल फिरतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्या मुलांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. तुला हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. मला आधी स्वतःला कळलं असतं तर.

आज सकाळी पलूसहून निघालो, कराडला एसटी बदलली. वाटेत वहिनी वहीच चाळत होत्या. फाटकाशी तेवढं विचारलं, दहावी झालेल्या बाईला आत सोडतील ना? मी म्हणाले, ओळखपत्र बघतात, इयत्ता नाही.

आल्या त्या. थांब जरा.

हे पुढचं परतीच्या एसटीत लिहितेय, अक्षर वाकडं येईल. निकाल यायला वेळ आहे, पण वहिनी म्हणतात, "पास तर हुतेच बगा. चार-पाच चुकलं असतील, पर प्रश्न समदे वाचून झाले." आणि लगेच, "एक विचारू? मोटारीच्या आतल्या फिरत्या भागातले दांडे तिरके का असत्यात? सर म्हणाले, सरळ बसवले तर मोटार आवाज करती. पर का करती?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, वहिनी."

"मग पुढच्या रविवारी बघू," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

दादा, तुला शब्द देते. घरात असो की वर्गात, मला येत नसेल ते येत नाही म्हणेन, आणि विचारणाऱ्याच्या शेजारी बसून शोधेन. दुकान विकायचं नाही. त्यावर रिवाइंडिंगची नवी पाटी लागेल, वहिनींच्या नावाची.

तुझी,
शैली